हवेचे कसले पैसे?

मुलांनो, डोळे मिटा बघू. अरे, दोन्ही मिटलेत तर वाचणार कसं? एकच मिटा! आणि अशी कल्पना करा, की तुम्ही पत्र्याच्या डब्यात बसला आहात, डबा उन्हात तापला आहे आणि हवा इतकी दमट आहे, की अंगावरचा घाम वाळायचं नावच घेत नाही. झाली कल्पना? ही आमची माडीवरची खोली!

या खोलीत मी राहतो आणि माझ्या शेजारी झोपते माझी सात वर्षांची नात. बोलायला लागल्यापासून ती थांबलेलीच नाही, म्हणून घरात सगळे तिला टिटवी म्हणतात. रोज झोपताना ती माझ्याकडून एक गोष्ट ऐकते, तीत चुका काढते आणि माझं बोट धरून झोपी जाते. पण या उन्हाळ्यात तिच्या पाठीवर घामोळ्यांचा नकाशा उमटला आणि सूनबाईनं निकाल दिला.

"बाबा, रविवारपासून ती खाली झोपेल. आमच्या खोलीत."

"अगं, रविवारच्या आत ही खोली गार करून दाखवतो! जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलंय मी!"

छताचं काम करणारा कारागीर आला. पत्र्याखाली फोमचे जाड तक्ते लावायचे, पत्रा आणि तक्ते यांच्यामध्ये हवेला फिरायला जागा ठेवायची, ती बाहेर पडायला जाळ्या बसवायच्या, असं सांगून त्यानं खर्चाचा आकडा उच्चारला. तो ऐकून मी मटकन खाली बसणार होतो. पण बसलेलोच होतो, म्हणून उभा राहिलो!

"तक्त्यांचे पैसे समजले. पण हवेच्या जागेचे कसले पैसे? हवा फुकट असते!"

"काका, इथली हवा दमट. ती खेळती नसली तर..."

"मला हवा शिकवता?"

तो पाणी पिऊन निघून गेला. मी बाजारातून फोमचे तक्ते, चिकटपट्ट्या आणि फटी बुजवायची रबरी पट्टी आणली. टिटवीनं शिडी धरली, मी तक्ते ठोकले. भिंतीतले दोन झरोके होते, त्यांत कागदाचे बोळे कोंबले. मुंगीला आत यायचं तर दार वाजवावं लागेल, इतकं चोख काम!

आणि काय सांगू, भर दुपारी खोली गार! सूनबाई वर आली, दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "छान वाटतंय हं, बाबा." एवढंच नाही, इथं धूळ येत नाही म्हणून तिनं धुतलेले कपडेही खोलीतच वाळत घातले. मी नुसता फुललो!

शनिवारी सकाळी टिटवीच्या नाकावर टप्पकन थेंब पडला.

"आजोबा, तुम्ही रडताय?"

"नाही गं!"

"मग घर रडतंय."

वर पाहिलं. पाहुणचार झोडून आडव्या झालेल्या जावयांसारखी सगळ्या तक्त्यांची पोटं सुटली होती!

"टाकी गळतेय!" मी जाहीर केलं आणि प्लंबरला बोलावलं. तो पत्र्याशेजारच्या टाकीपाशी गेला, खालून-वरून चाचपून आला.

"टाकी ठणठणीत आहे, काका."

"रिकामी करून बघा!"

त्यानं केली. खाली न्हाणीघरात आमचे चिरंजीव तोंडाला साबण लावून उभे होते.

"बाबा! नळाला पाणी नाही!"

"छताला आहे!" मी वरून ओरडलो.

कारण टाकी कोरडी झाली तरी थेंब चालूच! प्लंबर डोकं खाजवत म्हणाला, "शेजाऱ्यांची गळत असेल."

मी शिडीवर चढलो, एक तक्ता जरासा सरकवला आणि आत हात घातला. पत्रा आतल्या बाजूनं ओलाचिंब! दरवर्षी वर्गात गार पाण्याचा पेला टेबलावर ठेवून मी विचारायचो, "याच्या बाहेरून हे थेंब कुठून आले?" आणि मागच्या बाकावरचा पोरगाही सांगायचा, "हवेतून!" रात्री पत्रा गार पडायचा आणि कोंडलेल्या हवेतलं बाष्प सांध्यांतून वर जाऊन त्याला चिकटायचं. ओले कपडे, आमचे श्वास, टिटवीची बडबड, सगळ्याचं पाणी होऊन तक्त्यांवर साठलं होतं. बाहेर जाणार कुठून? झरोके मीच बुजवले होते!

तेवढ्यात त्या तक्त्यानं अंग टाकलं. मग दुसऱ्यानं. मग शाळा सुटल्यासारखे सगळेच! गाद्या भिजल्या, वाळलेले कपडे भिजले, प्लंबर भिजला. चिरंजीव साबणाच्या तोंडानं वर आले, धार लागली होती तिथं तोंड धुतलं आणि खाली गेले.

तक्ते गेले, गाद्या गेल्या, प्लंबरचे पैसे द्यायचे, शिवाय त्याच कारागिराला हात जोडायचे. हवा एवढी महाग असते, हे मला ठाऊक नव्हतं!

सूनबाई रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं टॉवेल आणून माझं डोकं पुसलं.

"शिडीवरून पडला असतात म्हणजे, बाबा? हे काम नीट होईपर्यंत टिटवी खालीच. गळक्या खोलीत मूल नाही झोपवायचं."

"बरोबर आहे," मी म्हणालो. बरोबरच होतं, म्हणून जास्त लागलं.

जेवणं झाल्यावर टिटवी माझ्याकडे न बघता खाली गेली. इतकी गप्प मी तिला कधी पाहिली नव्हती. मी सगळ्या खिडक्या उघडल्या, कोरड्या कोपऱ्यात सतरंजी टाकली आणि गोष्ट मनातल्या मनात सांगून पाहिली. चुका काढणारं कोणी नसलं, की गोष्ट फार लवकर संपते हो.

इतक्यात खालून सूनबाईची किंकाळी! मी जिना उतरून धावलो. खालच्या खोलीत टिटवीची गादी मधोमध चिंब भिजलेली आणि ती शेजारी उभी, हातात पाण्याची रिकामी बाटली.

"आई," ती छताकडे बोट दाखवत म्हणाली, "तुमची खोलीपण गळते."

सूनबाई, चिरंजीव आणि मी, तिघांनी वर पाहिलं. छत खडखडीत कोरडं.

टिटवीनं बाटली माझ्या हातात दिली, उशी काखोटीला मारली आणि जिना चढायला लागली.