बारीक टायरचे सांडूकाका

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या गल्लीत कुणाकडे गाडीतून पाहुणा आला, की सांडूकाका आधी त्याच्या टायरला भेटतात आणि मग पाहुण्याला. वाकतात, खिशातून जुनं चाराण्याचं नाणं काढतात, ते टायरच्या खाचेत उभं घालतात आणि किती बुडालं ते पाहून मान हलवतात. मान आडवी हलली तर टायर संपला. उभी हलली तर अजून एक पावसाळा निघेल.

"हे चाराणे बाजारात कुणी घेत नाय, ताई," ते मला एकदा म्हणाले, "पन टायरपाशी त्याला अजून लई इज्जत हाय."

माझ्या नणंदेचे यजमान नवी कोरी गाडी घेऊन पेढे द्यायला आले, तेव्हा काकांनी पेढा हातात धरूनच गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाले, "गाडी ब्येस हाय. टायरात हवा लई भरलीया. तुमचं पोट असं फुगलं तर तुम्ही गावभर हिंडाल का?" मग पेढा खाल्ला.

टायरमध्ये त्यांच्या लेखी दोनच जाती, बारीक आणि रुंद. माणसांतही त्याच दोन. रुंद म्हणजे दिखाऊ. निवडणुकीत मतं मागायला आलेल्या एका उमेदवाराला त्यांनी नमस्कार केला, पाणी पाजलं आणि तो कोपऱ्यावर वळताच निकाल दिला, "रुंद टायर हाय. वर वर तरंगतोय, खाली कुठं टेकत नाय." माझ्या मुलीला बघायला स्थळ आलं, तेव्हा मुलगा जरा हडकुळा म्हणून मी मागेपुढे करत होते. काकांनी कुंपणावरून पाहिलं आणि म्हणाले, "बारीक हाय, पन धरून चालंल." आम्ही होकार दिला. चार वर्षं झाली, जावई धरून चालला आहे.

काकांनी तीस-बत्तीस वर्षं सरकारी जीप चालवली. तलावाच्या, कालव्याच्या पाहणीला साहेबांना घेऊन जायचं, आणि तेही रस्ता होण्याच्या आधी. त्यामुळे जिल्ह्यात कुठल्या शिवारात किती खोल काळी माती आहे आणि तिच्याखाली कुठे टणक मुरूम लागतो, हे त्यांना पाठ आहे. काकू गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मुलाने त्यांच्या हातात गाडीची चावी देणं बंद केलं. त्याबद्दल काका काही बोलत नाहीत. काका ज्याबद्दल बोलत नाहीत अशी बहुधा ती एकच गोष्ट असावी.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण पुढचा घोळ माझ्या गाडीचा आहे. आमची रोपवाटिका आहे. कलमं बांधायची ती यांनी. बाकी सगळं, म्हणजे पाणी, मजूर, ऑर्डर, गाडी आणि यांचा चष्मा शोधणं, माझ्याकडे. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीची यादी असते. गेल्या पावसाळ्यात मात्र एक गोष्ट कुठल्याच यादीत बसली नाही. सिल्लोडच्या बाजूला कलमं घेऊन गेलेलं आमचं पिकअप शेतरस्त्यात रुतलं आणि दोन दिवस तिथेच राहिलं. मागे ताडपत्रीखाली केशर आंब्याची कलमं उकडून निघाली.

त्याच शिवारात देवराव पाटलांची सहाशे कलमांची ऑर्डर या वर्षी होती. पाटलांनी फोनवर स्वच्छ सांगितलं, "वहिनी, कलमं खड्ड्याच्या तोंडाशी उतरवून पाहिजेत. डांबरी रस्त्यावर टाकून जानार असाल तर मी दुसरीकडून घेतो." आम्ही पाटलांकडे पोचलो, तर आजूबाजूचे पाच-सहा बागाईतदार आमच्याकडे येणार होते. नाही पोचलो, तर तो सगळा पट्टा गेला. गाडीचे जुने टायर संपलेच होते. प्रश्न एवढाच होता, नवे घ्यायचे ते बारीक की रुंद?

आमचा ड्रायव्हर जावेद. पस्तिशीचा, हुशार, गाडीवर जिवापाड प्रेम करणारा. त्याला रुंद हवे होते. "भाभी, चौडे टायर लगाओ. पकड भी आती और गाडी का रुबाब भी रहता."

हे कुंपणापलीकडे ऐकू गेलं. पुढच्या मिनिटाला काका आमच्या स्वयंपाकघरात उभे होते.

"ताई, कणीक मळलीया का?"

मळलेली होती. परातीत काकांनी जरा पाणी शिंपडलं, वरचा थर चिखलासारखा केला, एका हातात सुरी घेतली आणि दुसऱ्या हातात उलथनं. दोन्ही सारख्याच जोराने कणकेत दाबली. सुरी थेट परातीला जाऊन टेकली. उलथनं वरच लडबडत राहिलं.

"बघ जावेद. ही परात म्हंजी मुरूम. बारीक टायर चिखल कापत खाली जातो न् मुरूम धरतो. तुझा रुंद टायर वर बसून पोळ्या लाटतो."

जावेदने वाद घालण्याऐवजी फळीवरून रव्याचा डबा काढला. "अब इसमें करो, काका." रव्यात सुरी मुठीपर्यंत बुडाली. उलथनं ऐटीत वर बसलं. "देखा? रेत में चौडाच चलता."

"आरं, पाटील काय नदीच्या वाळूत आंबे लावतो का? काळ्या मातीत लावतो. रव्याचं आमाला काय सांगतो!"

माझी आठ पोळ्यांची कणीक आणि अर्धा डबा रवा त्या दिवशी विज्ञानाला गेला. रात्री मी वही घेऊन बसले आणि दोन रकाने केले. बारीक टायरच्या बाजूने सात मुद्दे निघाले. डिझेल कमी लागतं, ओझं चांगलं पेलतो, स्टेपनी तीच चालते, वळताना मडगार्डला घासत नाही, वगैरे. रुंदच्या बाजूने तीन, आणि त्यातला एक जावेदचा रुबाब. मी बारीक टायर आणले.

जावेदने दोन दिवस नव्या टायरांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी काकांना म्हणाला, "गाडी फँसी तो धक्का तुम मारना."

"फसली तर मी पुन्हा जन्मात टायर हा शब्द काढनार न्हाई," काका म्हणाले. "आन ताई, पयल्या खेपेला मी येनार."

म्हणजे आता माझ्या ऑर्डरबरोबर काकांची आयुष्यभराची विद्याही त्या चिखलात उतरणार होती. मी पण निघाले. अशा वेळी मी घरी बसत नाही.

आदल्या रात्री धो धो पाऊस झाला होता. डांबरी रस्ता सोडून शेतरस्ता लागतो तिथे टपरीवर आम्ही चहा घेतला. काका आणि मी आत बसलो, जावेद टायर बघून येतो म्हणाला. मग काकांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला, चपला माझ्या पायाशी ठेवल्या आणि हातात काठी घेऊन अनवाणी गाडीच्या पुढे चालू लागले. दर चार पावलांवर काठी खुपसायची, टाच दाबून बघायची आणि हात करायचा. "डावीकडं घे. हितं खाली मुरूम हाय. चल. चल, चल."

शंभर पावलांवर गाडी थांबली. जावेदने गिअर बदलला. चाकं फिरली, चिखल उडाला, गाडी जागची हलली नाही. मागे सहाशे कलमं, वर ऊन निघालेलं. माझ्या डोळ्यांपुढे मागचा पावसाळा उभा राहिला.

काका वळले. त्यांचा चेहरा पाहवेना. काकांनी काठी पुन्हा खुपसली. खाली टक्कन वाजलं. मुरूम तर होता! मग ते चिखलात गुडघे टेकून टायरपाशी बसले, बोटांनी माती खरवडली, बाजूने टायर दाबला आणि ओरडले, "हवा कुणी काढली?"

जावेद दार उघडून खाली बघत राहिला. "काका, व्हिडिओ में बताते… कीचड में हवा कम करना बोलके. तुम्हारी बात रहना करके मैंच निकाला, टपरी पे."

"आरं माझ्या राजा! त्यो वाळूचा विलाज! बारीक टायरची हवा काढून तू त्याला रुंद करून ठिवला की रं!"

पायपंप गाडीत होता. माझ्या यादीतला तो अकरावा आयटम. चार टायर, पाळीपाळीने पंप. जावेद मारायचा, दमला की मी. काका प्रत्येक टायरवर थाप मारून आवाजावरून सांगायचे, "आजून. आजून. बास." मग जावेद बसला, काका पुढे झाले, आणि गाडी दाताने सुपारी फोडावी तशी कटकट करत चिखल कापून निघाली. एकदा मागचं चाक घसरलं, पण खाली जाऊन टेकलं आणि धरलं. दीड किलोमीटर. पाटील बांधावर उभे होते. गाडी थेट खड्ड्यांच्या तोंडाशी लागली, तेव्हा त्यांनी काकांच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिलं आणि कुणाला तरी हाक मारून विहिरीचं पाणी मागवलं.

परत येताना गाडीत सगळे खुशीत होते. पाटलांच्या शेजारच्या दोघांनी तिथेच ऑर्डर दिली होती, त्यामुळे महिनाभर मंगळवारी आणि शुक्रवारी खेप ठरली. जावेदने मान्य केलं, "मान गये काका. तुम्हारे टायर सही थे." काका मिशीत हसले. मग जावेद मनापासून, अगदी प्रेमाने म्हणाला, "अब रस्ता समझ गया मेरे को. मुरूम कहाँ है सब देख लिया. अब तुम आराम से घर पे बैठो. इस उमर में कीचड में नक्को उतरो."

काकांनी खिडकीकडे तोंड वळवलं. फुलंब्री मागे गेली. मग एकदम म्हणाले, "तसं नसतं बाबा. पाऊस पडला की मुरूम सरकतो."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मुरूम सरकत नाही. तो जमिनीचा हाडासारखा भाग आहे. पाऊस पडो, पूर येवो, तो तिथेच असतो. हे मला काकांनीच शिकवलेलं. टायरच्या आणि मातीच्या बाबतीत त्यांनी आजवर कुणाचीही भीड धरलेली नव्हती, आणि आता ते माझ्या डोळ्यांत न बघता गुडघ्यावरचा वाळलेला चिखल नखाने काढत होते.

जावेदलाही ते माहीत होतं. त्याने तोंड उघडलं, तिरकं माझ्याकडे पाहिलं आणि गिअर बदलला. मग म्हणाला, "हाँ, सरकता. मैंने भी देखा है. मेरे अकेले से नहीं होता वो."

"काका," मी म्हणाले, "महिनाभर मंगळवार आणि शुक्रवार. सकाळी सहाला निघायचं. जमेल का तुम्हाला?"

"बघतो," काका म्हणाले. "सवड असली तर."

शुक्रवारी साडेपाचला मी कलमांना पाणी मारायला बाहेर आले. जावेद अजून यायचा होता. आमच्या पिकअपचं डावीकडचं दार नीट लागत नाही. ते उघडून काका केव्हाचे आत बसले होते, धुतलेला सदरा घालून, काठी दोन गुडघ्यांमध्ये उभी धरून. गाडीपुढे दोन हातांवर आमच्या कुंपणाची भिंत होती. काका मान जराही न हलवता, डोळे बारीक करून त्या भिंतीकडे बघत होते, लांबचा रस्ता बघावा तसे.