जयदुर्गा गलबत परक्या निशाणाखालीं गेलें, त्याची हकीकत

दर्या ज्याचे आज्ञेंत वागतो त्यास नमन करून लिहितों. शके सोळाशें त्र्याहत्तर, प्रजापतिनाम संवत्सरीं आमचे राज्याचें युद्ध सरलें आणि तह जाहला. युद्धांत जयदुर्गा गलबतानें खाडीचे मुखीं गस्त घालून शत्रूस थारा दिला नाहीं, आणि त्याचे सुकाणूवर पदाजी तांडेल होता. मग महाराजांनीं उदार होऊन तें गलबत बेटावरील मित्र राज्यास दिधलें आणि आज्ञा केली कीं, "पदाजीनें संगें जावें, त्यांचे खलाशी शिकवावे, मग घरीं यावें." तांबडें निशाण उतरलें, निळें चढलें. नांव दर्यादौलत ठेविलें. पदाजीस उमजेना कीं, सुकाणू तेंच, मग आपण कोणाचे?

मार्गशीर्षांत गस्त घालितां समोरून आमचीच गुराब, मोठें लढाऊ जहाज, आली. गलबत दिल्याची खबर तिचे ठाण्यास पोहोंचली नव्हती. आपलें गलबत, वरी परकें निशाण, तेव्हां चोरीचेंच, ऐसें समजोन त्यांनीं तोफा रोखिल्या. पुढें उभा गुराबेचा सरदार सटवाजी, पदाजीचा जांवई.

बेटाकडील याकूबजी सारंग आतां गलबताचा मुख्य. तो पुसता जाहला, "तांडेल, तुमचे लोक काय ओरडतात?"

"म्हणतात, गलबत चोरलें."

"मग सांगा, चोरलें नाहीं!"

पदाजीनें हांका मारिल्या, परंतु वारा उलटा, शब्द माघारा येई. मग सारंगानेंही तोफांच्या बत्त्या पेटविल्या. पदाजी गोंधळला. तोफ डागावी तर लेकीचें कुंकू, न डागावी तर खाल्ल्या मिठास बट्टा. मग त्यानें कोयता घेतला आणि शिडाचा दोर तोडिला. शीड खालीं आलें.

"शरण गेलास!" म्हणोन सारंगानें तरवार उपसली. तंव शीड पडलें पाहून सटवाजी लहान मचव्यांतून जवळ आला.

"मामा, तुम्ही कैदेंत आहां काय?"

"मज ठाऊक नाहीं, जांवईबापू. आधीं बत्त्या विझवा, मग मिळोन विचार करूं."

सारंगानें महाराजांनीं गलबत दिल्याचें वर्तमान सांगितलें, तेव्हां उभयतां शांत जाहले.

मग बेटाचे दरबारीं बोलले कीं, शीड पाडिलें, शिक्षा पाहिजे, परंतु माणूस त्यांचा, त्यांनीं करावी. आमचे महाराज बोलले कीं, शाबास, परंतु चाकरी त्यांची, बक्षीस त्यांनीं द्यावें. ऐसें जाहलें आणि पदाजी रिकामा घरीं आला.

बायकोनें पुसलें, "जिंकलां कीं हरलां?"

पदाजीनें पुष्कळ विचार केला आणि म्हणाला, "भात जास्ती टाक, जांवई येतो आहे."

येणेंप्रमाणें न जाहल्या लढाईची हकीकत. मेलें कोणी नाहीं. जय कोणाचा, तें लिहिणारासही उमजलें नाहीं.