खांदमळणीचं तेल

दिवस मावळला की कुंडलच्या हरिबाला दिसेनासं व्हायचं. अगदी काळोख नव्हे. घरं, माणसं, लिंबाची झाडं सगळी दुधात कालवल्यासारखी व्हायची आणि हा पठ्ठ्या त्यात सुखानं तरंगायचा. तरंगायला कुणाची हरकत नव्हती, पण चंद्रा नावाच्या पोरीशी लग्न ठरायचं होतं. "पोरगं रातांधळं हाय," ही कुजबुज तिच्या बापाच्या, धोंडिरामच्या कानावर गेली होती. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, मिरवणुकीत तो स्वतः पारख करायला येणार होता.

हरिबानं गुपचूप मिरज गाठली. डॉक्टरांनी माशाचं तेल दिलं. "यात अ जीवनसत्त्व आहे. ते तेलातुपातच विरघळतं. नुसती कोरडी भाकरी खाल्लीत तर डोळ्यांना मिळणार कुठून? रोज एक चमचा घ्या."

आई हरणाबाई माळकरी. घरात माशाचं नावही चालायचं नाही. म्हणून या शहाण्यानं बाटली गोठ्याच्या कोनाड्यात लपवली. पाचव्या दिवशी ती रिकामी.

"आय, कोनाड्यातलं त्याल कुठाय?"

"बैलांच्या खांद्यांना चोळलं की. आज खांदमळणी, उद्या बेंदूर न्हाई व्हय? पर वास कसला रं मेला?"

हरिबानं रिकामी बाटली तळहातावर उलटी करून झटकली.

मिरवणूक निघायलाच दिवेलागण झाली. बैलांमागं गावातली झाडून सारी मांजरं. हरिबाला सगळीकडं रंगीत धुकं दिसत होतं. त्यातल्या एका लाल ठिपक्याला चंद्रा समजून तो लाजत हसला. ती भिंतीवर वाळत घातलेली गोधडी होती. एवढ्यात रेटारेटीत बैलांचा कासरा हातातून सुटला. संपलं सगळं, असं त्याला वाटलं. मग माशाचा वास आला. नाक वर करून तो वासामागं चालत राहिला आणि बैलांबरोबर थेट आपल्या गोठ्यात पोचला.

मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज धरून धोंडिराम आलाच. "लोक कायबी बोलत्यात. येवढ्या गर्दीत तुमी आपली बैलं बराबर हुडकली. पोरगी दिली समजा."

हरिबाला आनंदानं रडू फुटायचं बाकी होतं.

"आता येक करा जावईबापू. हात धरून मला पाव्हण्याच्या घरी सोडा. दिस मावळला की मला कायबी दिसत न्हाई बगा. म्हनून तर चांगल्या नजरंचा जावई हुडकत हुतो."

"चला की मामा," म्हणत हरिबानं मोठ्या प्रेमानं हात धरला आणि दोघं निघाले.

दारातून हरणाबाई म्हणाली, "आरं, तिकडं उकिरडा हाय."