मिस्टर पंक्चुअल यांची बस

चंदीगडमधल्या एका ट्रॅव्हल कंपनीला मी एकट्याने वठणीवर आणलं, तेही खुर्चीतून न उठता! हसू नका. २००५ साल होतं, सेक्टर ३९ मधल्या आमच्या संशोधन संस्थेत इंटरनेट फुकट होतं, आणि प्रवासवेड्या लोकांच्या एका फोरमवर 'मिस्टर पंक्चुअल' या नावाने मी भल्याभल्यांची झोप उडवत होतो.

झालं असं की, हिमशिखर ट्रॅव्हल्सची बस एका कुटुंबाच्या पराठ्यांसाठी तासभर खोळंबली आणि त्या बसमध्ये मी होतो. माझं डोकंच फिरलं. घरी आल्यावर फोरमवर असा काही लेख हाणला की लुधियानापासून जम्मूपर्यंतचे लोक पेटून उठले. बहिष्काराची भाषा सुरू झाली, आणि कंपनी चक्क नमली. सेक्टर १७ मधल्या ऑफिसात पाटी लागली: बस वेळेवर सुटेल, कोणासाठीही थांबणार नाही, वाटेत कोणालाही घेणार नाही. खाली छापलं होतं, 'मिस्टर पंक्चुअल यांच्या सूचनेवरून'. मी ती पाटी मुद्दाम दोनदा बघून आलो. हे पंक्चुअल म्हणजे मीच, हे मात्र बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्याच सुमारास सासूबाई सांगलीहून आल्या. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, पण एकच धोशा: आयुष्यात एकदा बर्फ हातात घ्यायचा. फेब्रुवारी सरत आला होता आणि शिमल्याच्या पुढे नारकंड्याला जाणारी हिमशिखरची ही मोसमातली शेवटची बस. दुसऱ्याच दिवशी त्यांचं परतीचं तिकीट. बायकोला, म्हणजे संपदाला, सेक्टर ३२ च्या हॉस्पिटलात ड्युटी होती. तिने मला बाजूला घेऊन बजावलं, "हेरंब, पुन्हा आई इतक्या लांब येईल असं वाटत नाही मला. काहीही कर, पण तिला बर्फ दाखव."

मी म्हटलं, चिंताच सोड.

बस सातची. आम्ही सव्वासहालाच जय्यत तयार. फाटक उघडलं, तर शेजारचे रिटायर्ड कर्नल ढिल्लों बागेला पाणी घालत उभे. त्यांनी दणदणीत आवाजात विचारलं, "किधर चले जी, सुबह सुबह?"

सासूबाई जागच्या जागी थिजल्या. निघताना कोणी 'कुठे' विचारलं की काम फसतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्या उलट्या पावली घरात गेल्या, पाटावर टेकल्या, गूळ खाल्ला, पाणी प्यायल्या, गणपतीला हात जोडले. मी घड्याळ बघत दारात. गुडघ्यांमुळे उठायला वेळ लागला. पुन्हा निघालो. ढिल्लोंना वाटलं आम्ही काही विसरलो होतो. त्यांनी आपुलकीने पाइप खाली ठेवला आणि पुन्हा विचारलं, किधर जाना है!

पुन्हा पाट, पुन्हा गूळ. माझा जीव टांगणीला लागला. शेवटी मी सासूबाईंना मागच्या दाराने गल्लीत काढलं, तर ढिल्लों तिथे गॅरेजमधून गाडी बाहेर घेत होते. काच खाली करून म्हणाले, "अरे, इधर से किधर?" तिसऱ्यांदा घरात गेलो तेव्हा गुळाचा डबा संपला होता. सासूबाईंनी साखरेवर भागवलं.

रिक्षा उडवत सेक्टर १७ गाठलं, तर बस नुकतीच गेलेली. मॅनेजर भाटिया हात जोडून उभा राहिला. मी म्हटलं, बस अजून पंचकुल्यातही पोचली नसेल, ड्रायव्हरला मोबाइलवर थांबायला सांगा. त्याने पाटीकडे बोट दाखवलं. पंक्चुअलजींना विचारल्याशिवाय नियम मोडला तर मालक नोकरीवरून काढेल, म्हणाला. वर हेही कळलं की आज बसमध्ये फोरमचे बरेच लोक होते, आणि सातच्या ठोक्याला बस हलताच सगळ्यांनी पंक्चुअलजींच्या नावाने टाळ्या वाजवल्या.

सासूबाई बाकावर बसल्या होत्या. मांडीवर लोकरीचे हातमोजे. सांगलीत विणून आणलेले! ते बघून मला राहवलं नाही. आवाज खाली घेऊन मी म्हणालो, "भाटियाजी, वो पंक्चुअल मैं ही हूँ."

भाटिया पोट धरून हसला. पंक्चुअलजी आणि लेट? मी त्याच्या कॉम्प्युटरवर बसलो. इंटरनेट जोडेपर्यंत बसने पिंजोर गाठलं असणार. फोरमवर लिहिलं: वृद्ध प्रवाशासाठी आज एकदाच नियम शिथिल करावा. भाटिया जरा चपापला. म्हणाला, फोरमवाले हो म्हणाले तर फोन लावतो.

पहिलं उत्तर आलं: पंक्चुअलजी असं कधीच लिहिणार नाहीत. दुसरं: त्यांचं अकाउंट कोणीतरी चोरलंय. तिसरं माझ्या खास चाहत्याचं: चोराला धरा. आणि बघता बघता फोरमच्या लुधियानातल्या व्यवस्थापकाने माझं अकाउंट बंद केलं. भाटिया आता माझ्याकडे भामट्याकडे बघावं तसा बघायला लागला. सासूबाई हळूच म्हणाल्या, "चला हेरंबराव, घरी जाऊ. नव्हतं नशिबात." त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घराशी रिक्षा थांबली. ढिल्लों गाडीच्या डिकीत पिशव्या भरत होते. त्यांनी चौथ्यांदा तेच विचारलं. यावेळी मात्र सासूबाईंचा तोल सुटला. "बरफ देखने को जाने का था! तुमने पूछ पूछ के सब घोटाला किया!"

कर्नलनी हातातली पिशवी खाली ठेवली. "बरफ? माताजी, मैं नारकंडा ही जा रहा हूँ, दोस्त के बाग में. गाडी खाली है, इसलिए तो सुबह से पूछ रहा हूँ, किधर जाना है!"

संध्याकाळच्या आत सासूबाईंनी हातमोजे काढून उघड्या हातात बर्फ घेतला आणि ओक्साबोक्शी रडल्या. ढिल्लोंनी तोंड फिरवलं, मीही. येताना सासूबाईंनी संपदासाठी डबाभर बर्फ भरून घेतला. घरी पोचेपर्यंत त्याचं पाणी झालं, तर संपदा तेच प्यायली.

फोरमवर मी नव्या नावाने खातं उघडलं. तिथे बातमी होती की, त्या बसमध्ये मागच्या सीटवर एक गृहस्थ अवाक्षर न बोलता बसले होते, तेच पंक्चुअलजी असणार, काय हा साधेपणा! मी लिहिलं, ते बसमध्ये नव्हतेच. मला उत्तर मिळालं, नवख्यांनी आधी पंक्चुअलजींचे जुने लेख वाचावेत.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंची सांगलीला परतायची गाडी. रिक्षा दारात, सामान आत, आणि सासूबाई फाटकाला धरून उभ्या.

"आई, चला ना, गाडी चुकेल!" मी म्हटलं.

"चुकू दे," त्या म्हणाल्या. "ढिल्लोंनी अजून विचारलं नाही."