केशरबाईंची तसबीर ब्राउझराकडून सोडविली ते वर्तमान

चतुर व रसिक वाचकांचे सेवेसी विदित व्हावे की, राहुरी परगण्यात मुळा कालव्याचे काठी जे घनघोर प्रकरण जाहले, ते कोणी भलतेच सांगतो, कोणी अर्धेच सांगतो. सबब घडले तैसे येथे नमूद केले आहे.

राजश्री आबासाहेब, ऊस आणि दुभत्या गाईंचे धनी. त्यांचे कुटुंब केशरबाई. लग्नापायी बाईंची शाळा सातवीतच सुटली, ती सल उरात राहिली आणि साठीच्या तोंडावर बाईंनी दहावीची परीक्षा बाहेरून देण्याचा निश्चय केला. मग सून रुपाली हिने ऑनलाइन अर्जाची मसलत शिरावर घेतली. अर्ज भरून जतन जाहला. परंतु संकेतस्थळाचा हुकूम ऐसा की, उमेदवाराने कॅमेऱ्यासमोर बसून ताजा फोटो तिथल्या तिथे काढावा, जुना मंजूर नाही. आणि मुदत त्याच सायंकाळी सरणार.

मग लॅपटॉप ओसरीवर मांडिला. रुपाली चहास आत गेली आणि तेवढ्यात ब्राउझराने अदबीने पुसले की, कॅमेरा वापरावयास परवानगी आहे काय? आबासाहेबांस दगा भासला आणि त्यांनी स्वहस्ते 'ब्लॉक' दाबिले. तत्क्षणी ब्राउझराने कॅमेऱ्याचे दरवाजे लाविले.

रुपालीने येऊन पुसले, "आबा, काही दाबलं का तुम्ही?"

आबासाहेबांनी जाहीर केले की आपण हातही लाविला नाही. सबब लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, तेथे शिकस्त खाल्ली. मग आबासाहेबांनी उपरण्याने कॅमेऱ्याचे भिंग बहुत नेटाने पुसले, तेणेही काही साधले नाही. अखेर रुपालीने पत्त्याच्या पट्टीतील चिन्हावर टिचकी दिली, तो कॅमेऱ्यापुढे 'ब्लॉक' ऐसा शिक्का साफ दिसला.

केशरबाईंनी धन्याकडे पाहिले.

"म्या म्हनलं, कोन तरी घरात डोकावतंय," आबासाहेब हळूच बोलिले आणि गाईंची खबर घेण्यास उठले.

"गाई जाग्यावरच हायेत," बाई म्हणाल्या. "तुमी बसा."

रुपालीने परवानगी बहाल केली, पान ताजे केले, आणि पडद्यावर निव्वळ काळोख प्रगटला. मग तिचे ध्यानी आले की, सकाळी कचेरीची मीटिंग संपताच तिनेच भिंगावरील सरकते झाकण लाविले होते. आबासाहेबांनी मघा उपरण्याने पुसले ते झाकणच. तिने ते गुपचूप सरकविले आणि हे वर्तमान कोणास कळविले नाही.

केशरबाई पडद्यावर दिसल्या. बाईंनी पदर सावरिला. परंतु संकेतस्थळास पाठीमागे पांढरा रंग हवा होता. सबब आबासाहेबांस फर्मान सुटले की, त्यांनी पांढरी चादर दोन्ही हातांनी ताणून बाईंचे मागे उभे राहावे. उभे राहिले, पण फोटो कैसा निघतो हे पाहण्यास त्यांनी चादरीवरून मान काढिली आणि संकेतस्थळाने निकाल दिला की, चौकटीत एकाहून अधिक चेहरे आहेत, सबब नामंजूर. पुन्हा काढिला, पुन्हा मान वर आली.

"अवं, खाली बसा," बाई म्हणाल्या. "परीक्षा माझी हाय."

आबासाहेब चादरीमागे उकिडवे बसले, हात तेवढे वर राहिले, ते थरथरू लागले, परंतु चादर ढळली नाही. मग रुपालीने बटण दाबिले आणि हिरवी खूण उमटली. मुदत सरण्यापूर्वी अर्ज रुजू जाहला. येणेप्रमाणे फत्ते जाहली.

एक गोष्ट आणिक नमूद करणे जरूर. आजवर बाईंच्या जितक्या तसबिरी निघाल्या, त्या सर्वांत आबासाहेब मध्ये आणि बाई कडेला. एकटीची ऐसी ही पहिलीच. बाई ती पडद्यावर बहुत वेळ न्याहाळीत राहिल्या, आणि चादर आता खाली सोडावी ऐसे धन्यास सांगावयाचे कोणाचेही ध्यानी राहिले नाही.