पाटावरची फौज

माझं काम वेळ चुकत नाही. दैनिकात बातम्या लिहिणाऱ्या माणसाला ही सवय लागतेच. छापखान्यातला अक्षरांचे खिळे जुळवणारा समोर हात पसरून उभा राहिला, की सुचायची वाट बघत बसता येत नाही. म्हणून दसऱ्याच्या प्रदर्शनाचं ठरलं त्याच दिवशी मी वाचनालयाच्या पायरीवर उभं राहून सांगून टाकलं, "यंदा देखाव्याचं पहिलं बक्षीस आमच्या घरी येणार. बातमी आजच लिहून ठेवली तरी चालेल."

ऐकणाऱ्यांत सिद्रामप्पा होते, हे मला नंतर दिसलं.

सिद्रामप्पा कापडाचे व्यापारी. मागच्या वर्षी त्यांनी मुंबईहून विलायती शिशाची पलटण मागवून लढाईचा देखावा मांडला आणि पहिलं बक्षीस नेलं. पहिला आलेला देखावा वर्षभर वाचनालयाच्या काचेच्या कपाटात राहतो. कपाट वर्तमानपत्रांच्या टेबलासमोर. म्हणजे मी रोज वाचायला बसलो, की ती गोरी पलटण माझ्यावर बंदुका रोखून उभी. स्वतः लिहिलेली बातमीसुद्धा मला वर्षभर गुन्हेगारासारखी वाचावी लागली.

"काय करणार म्हणता, ईश्वरप्पा?" त्यांनी विचारलं.

"आपल्या किल्ल्याला पडलेला वेढा. अंगठ्याएवढे शिपाई. आणि प्रत्येकाच्या हातातलं शस्त्र मी स्वतः घडवलेलं. विकतचं एक नाही."

"विकत मिळतंय तर घडवायचं कशाला?" त्यांना खरोखरच कळत नव्हतं. "बरं, माझी पलटण यंदाही मांडणार आहेच. असं करू. हरलात तर माझ्या देखाव्याची बातमी तुम्ही लिहायची. खाली सही करून. आणि चांगली लिहायची बरं का."

"आणि जिंकलो तर?"

"तर कपाट तुमचं. मी स्वतः पुसून देतो."

मी कामाला लागलो. शिपाई कुंभाराकडून शाडूचे करून घेतले. सगळ्यांचा उजवा हात वर आणि मुठीला भोक, म्हणजे शस्त्र आत खोचता येईल. शस्त्रं मात्र माझी. शेजारच्या विणकराकडून हातमागाची मोडकी फणी आणली. तिच्यातल्या पोलादी काड्या म्हणजे आयत्याच तरवारीची पाती. कानस मारून धार काढायची आणि टाचणीच्या तुकड्याची मूठ बसवायची. ढालींना चिंचोके. चिंचोका तेलात घोळून फडक्यानं चोळला, की गेंड्याच्या कातडीसारखा चमकतो. भाल्यांना खराट्याच्या काड्या. छत्रीच्या तारेच्या लहान तोफा, आणि मुख्य तोफ निकामी पिचकारीच्या पितळी नळीची. तिची चाकं दोऱ्याच्या रिळाची होती आणि ती फिरत होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं ती फार फिरली.

घरात त्या दिवसांत छत्री उरली नाही, खराटा टकला झाला आणि सदऱ्याला लावायला टाचणी मिळेना. माझी पत्नी दाक्षायणी एवढंच म्हणाली, "किल्ला घ्या, पण माझी विळी सोडा."

खंडेनवमीच्या सकाळी शेवटची तरवार तयार झाली. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला दुपारी परीक्षण. सगळी फौज शिस्तीनं उभी. शस्त्रांना तेवढं शेवटचं पुसून घ्यायचं बाकी. मला छापखान्यात जायची घाई होती. उंबऱ्यात चपला घालता घालता मी दाक्षायणीला सांगितलं, "सगळी शस्त्रं नीट पुसून पाटावर मांडून ठेव."

वाचकहो, हे वाक्य वर्षातल्या इतर कुठल्याही दिवशी निर्दोष आहे.

संध्याकाळी घरी आलो तर ओसरीत चपलांचा ढीग. कुणी गेलं की काय, म्हणून धावतच शिरलो. आत हळदीकुंकू वाहायला जमलेल्या गल्लीतल्या बायका, पाटावर झेंडूची आरास, उदबत्ती, समई. आरासीच्या मधोमध माझी पितळी तोफ, तोंडावर हळदीकुंकू लेऊन नव्या नवरीसारखी बसलेली. शेजारी माझी कानस, पक्कड आणि हातोडी, दोऱ्यानं एकत्र बांधलेली. कडेला विळी. बाकी पाट मोकळा.

"तरवारी कुठं आहेत?"

"पूजेला गेल्या," दाक्षायणी म्हणाली.

इथं आमच्या गल्लीची हकिगत सांगायला हवी. चार वर्षांपूर्वी गावात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल लागला, तेव्हा झडतीच्या धास्तीनं गल्लीतल्यांनी घरोघरच्या जुन्या तरवारी, कट्यारी रातोरात विहिरीत टाकल्या होत्या. तेव्हापासून विहिरीच्या पाण्याला लोखंडाची चव येते, असं समोरच्या मथुराबाई सांगतात. दर खंडेनवमीला गल्ली कातरी, अडकित्ते आणि विळे पुजून वेळ निभावत होती, पण मनात हळहळ होतीच. आणि आज मथुराबाई हळद मागायला आमच्याकडं आल्या, तर पाटावर अख्खं शस्त्रागार.

"त्या म्हणाल्या, एक द्या की. सणाला आलेल्या बाईला नाही कसं म्हणू?" दाक्षायणी म्हणाली. "मग एकीला दिली म्हटल्यावर बाकीच्यांनी काय पाप केलंय?"

"अगं, पण उद्या परीक्षण आहे."

"तुम्हीच पाटावर मांडा म्हणालात. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी यांना सण आठवला."

मी पक्कड उचलायला हात पुढं केला. घाईघाईत चार-दोन तरवारी नव्या करता आल्या असत्या.

"हां! हत्यारं आता उठवायची नाहीत. तुम्हीच छापलंय सकाळी." तिनं आमचं दैनिक पुढं केलं. पहिल्याच पानावर माझ्याच भाषेत लिहिलं होतं, की या दोन दिवसांत हत्यारांना विश्रांती देण्याची आपली सुंदर प्रथा सुशिक्षितांनी तरी पाळावी.

मी मथुराबाईंकडं गेलो. त्यांच्या देव्हाऱ्यासमोर माझी तरवार तांदळाच्या राशीवर आडवी पहुडली होती.

"मथुराबाई, तेवढी तरवार द्या. उद्या रात्री परत आणून देतो."

"आता पुजली की. शिलंगण झाल्याबिगर उठवायची न्हाय."

"शिलंगण उद्या संध्याकाळी. परीक्षक दुपारी येणार."

"मग त्यास्नी सांगा की, उन्हाचं कशाला येताय, सांजच्याला या म्हनावं."

दूध घालणारी गोजाबाई भाला घेऊन गेली होती. तिनं तो शेळ्यांच्या गोठ्यात पुजला होता. "लई गुणाचा भाला हाय," ती म्हणाली, "बांधल्यापास्नं बोकड गप हाय." ढाली म्हणजे चिंचोके, त्यातल्या दोन कुणाच्या तरी पोरांनी भाजून खाल्ल्या होत्या. मी हात हलवत परत आलो, तर आमच्या पायरीवर हवालदार हिंदुराव उभे.

"पेपरवाले," ते हळूच म्हणाले, "गल्लीत हत्यारं वाटली म्हनं तुमी?"

"मी नाही वाटली. बायका घेऊन गेल्या."

"बायका? कितीजणी?"

"सगळ्याच."

हिंदुरावांनी टोपी काढली. "तरवारी?"

"आणि भाले. दोन लहान तोफाही गेल्या. मोठी अजून घरात आहे."

हवालदार पायरीवर बसले. चार वर्षांपूर्वीचं सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलेलं मला स्पष्ट दिसलं. "तुमी शिकलेले," ते म्हणाले, "लपवीत तरी जावा की. मला आता काय करायचं सांगा."

मी त्यांना आत नेलं. तोफ बघितल्यावर ते तिच्यासमोर उकिडवे बसले. मग बोटानं चाक फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"फिरतंय की."

"हो."

"पेपरवाले, आमच्या चौकीत पूजेला नुसती दांडकी हायत. हत्यारं समदी हेडक्वार्टरला. दांडक्याला कुंकू लावताना लाज वाटती." त्यांनी टोपी पुन्हा चढवली. मग दाक्षायणीकडं वळून अदबीनं म्हणाले, "वहिनी, सरकारी काम हाय."

दाक्षायणीनं तोफ ताटात ठेवून, वर खण घालून दिली. पूजेतलं शस्त्र उठवू नये हा नियम तिला आठवला नाही का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "उठवलं कुठं? पूजेतून पूजेत गेलं." आणि मी बघत असतानाच कानस-पक्कडही सोडवून समोरच्या सुताराकडं पाठवली, त्याच्या पाटावर जागा होती म्हणे. आमच्या पाटावर मागं राहिली ती विळी.

दसऱ्याच्या दुपारी वाचनालयाच्या दालनात मी माझा वेढा मांडला. भुईकोट किल्ला, बुरूज, खंदकात खरं पाणी, आणि भोवती फौज. परीक्षक होते रावजी मास्तर. सारा जन्म शाळेत कवायत शिकवलेला माणूस. ते माझ्या देखाव्याभोवती पाठीमागं हात बांधून फिरले.

"हे कोण?"

"वेढा घालणारं सैन्य."

"हात वर का केलेत सगळ्यांनी?"

मी बघितलं. वाईट गोष्ट अशी, की मास्तरांचं बरोबर होतं. शस्त्र नसलेली, उजवा हात वर केलेली ती सगळी माणसं किल्ल्याला वेढा घालून एकजात शरण आली होती.

"शस्त्रं आहेत, मास्तर. लोकांच्या घरी आहेत."

"मग ही फौज लढायला आलीय की जेवायला?"

मी सगळी हकिगत सांगितली. मास्तरांनी ती शेवटपर्यंत ऐकली, हा त्यांचा मोठेपणा. मग म्हणाले, "माझ्या हाताखालचा मुलगा दांडपट्टा घरी विसरला, तर मी त्याला घरी पाठवत असे." आणि पलीकडं सिद्रामप्पांच्या पलटणीकडं गेले. तिथं प्रत्येकाच्या खांद्याला बंदूक होती. निकाल लागायला वेळ लागला नाही.

शिलंगण झालं आणि दालन बंद व्हायच्या सुमारास दारात गलका ऐकू आला. अख्खी आमची गल्ली आत शिरत होती. पुढं मथुराबाई, ओंजळीत तरवार. मागं गोजाबाई, भाल्याला शेळीचे केस चिकटलेले. विणकर, सुतार, त्यांच्या घरच्या बायका. सर्वांत मागं हिंदुराव दोन्ही हातांत ताट धरून, गणवेशात, आणि ताटात तोफ.

"उशीर झाला व्हय?" मथुराबाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

ज्यानं त्यानं आपापली तरवार आपापल्या हातानं शिपायांच्या मुठीत खोचली. पात्यांवर कुंकू, मुठींना झेंडूची पाकळी. थोड्याच वेळात शरण आलेली फौज पुन्हा लढाईला उभी राहिली, आणि ती अशी सणासुदीची नटलेली, की किल्ल्यातल्यांनी आपण होऊन दार उघडावं. लोक वाकून वाकून बघत होते. "ती माझी, त्या लालफेटेवाल्याच्या हातातली," मथुराबाई सगळ्यांना दाखवत होत्या. पलीकडं पहिल्या बक्षिसाची पलटण एकटीच उभी होती. तिच्याजवळ तिचा मालकसुद्धा नव्हता.

मालक माझ्याशेजारी होता. सिद्रामप्पा बराच वेळ बघत राहिले. मग माझा दंड धरून मला खांबाआड घेऊन गेले.

"ईश्वरप्पा, पुढच्या खंडेनवमीला आमच्या पेढीवर एक तरवार द्याल का?"

"तुमच्याकडं अख्खी पलटण आहे की."

"ती सगळी एकसंध ओतलेली. बंदूक सुटी निघत नाही." त्यांनी आवाज आणखी उतरवला. "पूजा करायची तर गोऱ्यासकट करावी लागते."

मी हो म्हणालो. मात्र मथुराबाईंनी आणि गल्लीतल्या बाकीच्यांनी तरवारी परत घरी नेताना पुढच्या वर्षाचंही आधीच सांगून ठेवलंय, त्यामुळं सिद्रामप्पांचा नंबर गोजाबाईच्या बोकडानंतर लागतो. तोफ पुन्हा चौकीत गेली, ती तिथंच आहे. हिंदुराव तिला रोज तेल देतात.

कपाट मात्र पुन्हा सिद्रामप्पांचं झालं, आणि बातमी मलाच लिहायची होती. ठरल्याप्रमाणे वेळेवर लिहिली, खाली सही केली, एक शब्द खोटा लिहिला नाही. ज्यांच्या वाचण्यात आली नसेल त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी देतो:

"दसऱ्याच्या प्रदर्शनात श्री. सिद्रामप्पा यांच्या देखाव्यास पहिले पारितोषिक मिळाले. त्यांच्या सैन्याजवळ शस्त्रे होती, हे त्याचे खास वैशिष्ट्य होय."