मोरीच्या अलीकडे की पलीकडे?

आलेल्या पत्राला उत्तर देण्यात माझा हात कोणी धरणार नाही! ग्रंथालयात पस्तीस वर्षं दुसरं केलं काय? उत्तर राहिलं ते एकाच पत्राचं, आणि नेमकं ते निवडणूक कार्यालयाचं होतं.

प्रांताच्या विधानसभेसाठी आमच्या भागात नवा मतदारसंघ होणार होता. गल्लीतला जुना रहिवासी म्हणून मला विचारलं होतं, 'हद्द नाल्याच्या मोरीवरून जाते. आपली गल्ली मोरीच्या अलीकडे की पलीकडे?' मी लगेच 'अलीकडे' लिहिलं, आणि मला घाम फुटला. अलीकडे, पण कुठून पाहिल्यावर? माझ्या खिडकीतून अलीकडे; निवडणूक कार्यालयातल्या साहेबांच्या खुर्चीतून पलीकडे! अकरा मसुदे झाले. बारावा होईतो मुदत संपली. पत्र मी शब्दकोशात दडवलं.

काल हद्दी जाहीर झाल्या. नवा मतदारसंघ मोरीपलीकडे सुरू, जुना गल्लीच्या तोंडाशी खलास. मधले आम्ही कुठेच नाही!

आज सगळी गल्ली माझ्या ओसरीवर.

"मग आम्ही राहतो कुठे, हवेत?" शिंपीदादा कडाडले. त्यांच्या गळ्यातली मोजपट्टी मला फासासारखी दिसू लागली.

"ते म्हणतात, गल्लीत कुणाला तरी पत्र पाठवलं होतं," नर्सबाई म्हणाल्या. "त्या महाभागाने उत्तरच दिलं नाही!"

"सापडू दे! अंगभर काजं पाडतो त्याला!"

नर्सबाई माझ्याकडे वळल्या. "काका, हरकतीचा अर्ज तुम्हीच लिहा. पाचच्या टपालात पडला नाही, तर आपलं मत गेलं. आम्ही खाली सह्या करून ठेवतो, वर तुम्ही काय ते झणझणीत लिहा!"

पहिली सही बायकोने ठोकली. "मत गेलं ना, तर त्या माणसाचं तोंड बघणार नाही मी!"

मी चष्मा पुसत राहिलो.

दार लावून बसलो. सह्या झालेला एकच कागद. खाडाखोड करायची सोय नाही! खरं तेच उतरलं. 'महोदय, आपलं पत्र मला मिळालं होतं. उत्तर न देण्याचा गाढवपणा सर्वस्वी माझा. गल्ली मोरीच्या दक्षिणेला आहे.' दक्षिणेला! हे तेव्हा का सुचलं नाही?

मी खरंच टाकतो की नाही हे बघायला बायको पेटीपर्यंत आली. पाकीट फटीत सरकवता सरकवता धीर करून तिला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "अहो, 'गाढवपणा सर्वस्वी माझा', आणि त्याच्याखाली पहिली सही कुणाची?"

बोटं सुटली. पाकीट आत टप्पकन पडलं.

"तुझी," मी म्हणालो. "दुसरी शिंपीदादांची."

"आणि तुमची?"

गडबडीत माझी तेवढी राहिलीच होती!